दूध पडत नाई

धानोऱ्याच्या घरात बसून दिव्यानी अमेरिकेच्या पोटात काय बिघडलंय ते सांगायची. पोटापाण्याचा धंदाच होता तो. नागपूरला मेडिकल कोडिंगचा कोर्स करून आलेली पोरगी. तिकडच्या डॉक्टरनं पेशंटबद्दल जे लिहिलं असेल ते वाचायचं आणि त्या दुखण्याला ठरलेला कोड चिकटवायचा, म्हणजे विमावाले पुढचं भांडण करायला मोकळे. कुणाला घोड्यानं लाथ मारली तर त्याला कोड, कुणाला बदक चावलं तर त्याला वेगळा कोड. बदक चावलं म्हणून दवाखान्यात जाणारी माणसं या जगात आहेत, हे तिनं गावात सांगितलं तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नव्हता.

कोर्सच्या पहिल्याच दिवशी सरांनी बजावलं होतं की कोडरनं निदान करायचं नाही. डॉक्टरनं लिहिलं तेवढंच खरं. पण गाव तिला अर्धी डॉक्टरीण समजायचं. कुणाला ढेकर आला तरी विचारायला तिच्या दारात. अशा कौतुकापुढं सरांचं वाक्य किती दिवस टिकणार? तिलाही आपण अर्धी डॉक्टरीण आहोत असं वाटायला लागलं, आणि उरलेली अर्धी काही फार अवघड नसावी असंसुद्धा.

घरात आई वच्छलाबाई, भाऊ धनराज, वहिनी रंजीता आणि रंजीताचं वर्षाच्या आतलं पोर, बब्या. शिवाय मंगळी नावाची म्हैस. खरं तर मंगळीचं नाव आधी घ्यायला हवं होतं, कारण घरात पहिला मान तिचा. वच्छलाबाई अर्ध्या धानोऱ्याला दूध घालायच्या आणि मंगळीच्या दुधाबद्दल एक वाकडा शब्द ऐकून घ्यायच्या नाहीत. सोयरीक जुळवायला आलेल्या माणसाला चहा देतानाही आधी साय दाखवायच्या, मग मुलगी.

रंजीता सिरोंच्याची. माहेरी सगळा कारभार तेलुगूत. मराठी तिला यायची, पण ती मनातल्या मनात तेलुगू वाक्य धरायची आणि त्यातला एकेक शब्द मराठीत उतरवून ठेवायची. लग्नानंतर एकदा ती म्हणाली, "मले भूक टाकून राह्यली." तेलुगूत भूक टाकतेच म्हणे. घरभर हसू फुटलं. धनराजनं तर तो किस्सा चौकात नेला आणि तिथून तो परत घरी आला तेव्हा आणखी रंगलेला होता. तेव्हापासून रंजीता मोजकं बोलायची. हसणाऱ्यांना वाटायचं, सून काय शांत आहे.

बब्याला वरचं दूध सुरू केलं आणि त्याच्या गालावर, मानेवर लाल गांधी उठायला लागल्या. कधी प्यायलेलं सगळं बाहेर. रंजीता सासूला म्हणाली, "आई, याले दूध पडत नाई."

वच्छलाबाईंना झोंबलं. म्हशीवाल्याच्या घरात पोराला दूध कमी पडतं म्हणजे काय? "माह्या घरी दूध पडत नाई?" म्हणत त्यांनी वाटी बदलली आणि मोठी वाटी काढली. रंजीता पुन्हा म्हणाली, पडत नाई. वाटीच्या जागी पेला आला. गांधी वाढल्या तेव्हा वच्छलाबाईंनी अंगातल्या उष्णतेवर बोट ठेवलं, मग दात येण्यावर, मग शेजारणीच्या नजरेवर. मंगळीकडं बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती.

शेवटी एका सकाळी पोरानं तिसऱ्यांदा ओकलं तेव्हा वच्छलाबाई लेकीच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तू दिवसभर दवाखान्याचंच करून राह्यली ना? मंग सांग, काय झालं याले?"

दिव्यानी त्या वेळी तिकडच्याच एका पोराच्या दुधाचं प्रकरण हाताळत होती. दूध न पचणं वेगळं आणि दुधाची अॅलर्जी वेगळी, दोघांचे कोड वेगळे. हल्ली तर अॅलर्जीतही पोटजाती निघाल्या होत्या. केकात भाजलेलं दूध चालणाऱ्यांचा कोड निराळा आणि तेही न चालणाऱ्यांचा निराळा. हे सगळं तिला तोंडपाठ. तिनं खुर्ची वळवली, बब्याच्या पोटावर दोन बोटं आपटली (हे तिनं कुठल्या तरी व्हिडिओत बघितलं होतं) आणि निकाल दिला.

"ई त्र्याहत्तर. दुधातली साखर पचत नाई याले. दूध बंद करा, दही द्या. दही चालते."

"दूध नाई, दही," असं वच्छलाबाईंनी दोनदा घोकलं. मंगळीची अब्रू राहिली म्हणून त्यांचा चेहरा खुलला. रंजीता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "दही बी पडत नाई," ती म्हणाली.

"पडते व वहिनी, भरपूर आहे," दिव्यानी म्हणाली आणि हसली. पुढं कितीतरी दिवस हे हसणं तिला आठवलं की तोंड कुठं लपवावं ते कळायचं नाही.

दुपारी वच्छलाबाईंनी नातवाला दहीभात भरवला. दही कसं, सुरीनं कापावं असं. चार घास गेले असतील नसतील, बब्याचे ओठ फुगले. मग डोळे. अंगावर गांधींचं रान उठलं आणि त्याच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला. दिव्यानीला त्या आवाजाचाही कोड माहीत होता. त्याच्यावर करायचं काय, ते मात्र तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

शेजारच्या भैयाजींनी बोलेरो काढली. गडचिरोलीपर्यंतच्या जंगलातल्या त्या रस्त्यावर वच्छलाबाईंचे सगळे देव आळवून झाले, धनराजनं भैयाजींना "दाबा भाऊ, दाबा" म्हणून भंडावलं, आणि दिव्यानी पोराच्या ओठांकडं बघत बसली. हे माझ्यामुळं झालं, माझ्या तोंडानं झालं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. पोर गेलं असतं तर ती कुणाला तोंड दाखवणार होती? रंजीतानं पोराला उभं धरलं होतं, आणि पाठीवरचा हात हलवत नव्हती.

तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टर नाहीद या चंद्रपूरच्या, बोलायला तिखट. बब्याला बघताच त्यांनी काही न विचारता मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला. थोड्या वेळानं शिट्टी उतरली. पोर रडलं, आणि चांगलं खणखणीत रडलं. धनराज भिंतीला टेकून खाली बसला.

"आता सांगा. काय खाल्लं?"

तिघंही एकदम सुटले. वच्छलाबाई शेजारणीच्या नजरेपासून, धनराज दातांपासून, आणि दिव्यानी तर चक्क "लॅक्टोज इनटॉलरन्स, अनस्पेसिफाइड" असं इंग्रजीतून.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाई, कोडर."

"मग गप बसा. पचत नसतं तर पोट फुगलं असतं, जुलाब झाले असते. ओठ सुजत नसतात, श्वास अडकत नसतो. याचं शरीर दुधाशी भांडते. पहिले कधी असं झालं होतं?"

तेवढ्यात कोपऱ्यात रंजीताचा फोन वाजला. सिरोंच्याहून तिची आई. रंजीता फोनवर पहिल्यांदा रडली आणि तेलुगूत भडाभडा बोलत सुटली. त्यातलं दिव्यानीला काहीच कळलं नाही, फक्त एक शब्द सारखा येत होता. पालु पडवु, पेरुगु पडदु. पडवु, पडदु.

दिव्यानी उठून तिच्यापाशी गेली. "वहिनी, पडदु म्हणजे काय व?"

रंजीतानं डोळे पुसले. "म्हणजे पडत नाई. पालु म्हणजे दूध, पेरुगु म्हणजे दही. खाल्लं का अंगाले त्रास होते, ते पडत नाई. मी तं कवाची सांगून राह्यली."

दिव्यानीला आता उमगलं. कमी पडतं असं नव्हे. मानवत नाही, सोसत नाही. ही बाई रोज निदान सांगत होती आणि घर रोज वाटी मोठी करत होतं. तिनं वळून आई आणि भावाकडं बघितलं. "तुमी दोघंबी चूप राहा," ती म्हणाली. "मॅडम, यायले विचारा. यायले सगळं माहीत आहे."

रंजीता बोलली. कधी गांधी उठतात, दुधानंतर किती वेळात, बिस्कीट खाल्लं की काय होतं, सगळं सांगितलं. मराठी अडखळली तिथं तेलुगू घातली. कुणी हसलं नाही. डॉक्टर नाहीद ऐकत गेल्या, लिहीत गेल्या. अॅलर्जीच, त्या म्हणाल्या, रक्त तपासून पक्कं करू. तोवर दूध, दही, ताक, खवा, बिस्कीट, काही म्हणजे काही नाही. वच्छलाबाई घरच्यांपैकी कुणी गेल्यासारखा चेहरा करून बसल्या होत्या.

"अंगावर पाजता ना? मग तुमचंही दूध पिणं बंद," डॉक्टर रंजीताला म्हणाल्या.

"माहं तं बंदच आहे," रंजीता म्हणाली. "मलेबी पडत नाई."

वच्छलाबाईंची मान वर झाली. "मंग मी रोज तुले भरून देते ते दूध?"

"मंगळीच्या कोंड्यात."

भैयाजी दारातून खोकले. ते हसू दाबत होते की काय, कळायला मार्ग नव्हता. वच्छलाबाई सुनेकडं बघत राहिल्या. राग आणावा की लाज, त्यांना ठरवता येईना.

"अवं माय, मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं ना आई," रंजीता म्हणाली. "लग्न होऊन आली त्याच दिवशी. मले दूध पडत नाई म्हणलं, तं तुमी अजून एक गिलास भरून आणला."