मागं राहिलेली पात

"माझी सरली पात, बांध लागला पायाला,
म्हागं ऱ्हायली मैना, जाते हात तिला द्यायाला..."

हा बनुबाईचा आवाज. संयोगिताच्या आजीचा. उंब्रजच्या रानात भुईमुगातलं तण काढायची भांगलण चालायची, बायका ओळीनं बसून आपापल्या वाट्याचा पट्टा, आपली पात धरायच्या, आणि खुरप्यांच्या खसखशीवर हा आवाज पाखरासारखा अलगद उतरायचा. बनुबाईची पात सगळ्यांच्या आधी बांधाला लागायची. पण म्हातारी बांधावर टेकायची नाही. माघारी वळायची आणि जी बाई सगळ्यांत मागं पडली असेल तिच्या पातीला समोरून खुरपं लावायची. दोघींची खुरपी मधे कुठंतरी भेटली, की म्हणायची, "चला गं बायांनो, आता पानी प्या." तोवर पुढं गेलेलीलाही पाणी नाही. शाळकरी संयोगिताला हे फार रटाळ वाटायचं. आपलं झालं की बसावं ना सावलीला!

आजी जाऊनही बराच काळ लोटला. तो आवाज आज, सांगलीहून ब्राह्मीच्या गावाला निघालेल्या एसटीत, खिडकीशी बसल्या बसल्या तिच्या कानात आला, आणि तिनं मान खाली घातली. समोर कुणी बघणारं नव्हतं तरीही.

संयोगिता आणि ब्राह्मी सांगलीच्या कॉलेजात एमबीएला. खोली एक, कपाट एक, डोक्याच्या तेलाची बाटलीसुद्धा एक. दोघींचा खास विषय नेतृत्व आणि व्यवस्थापन. पहिल्या वर्षाच्या शेवटी प्रकल्प आला, बेदाण्याच्या शीतगृहांचा. गटात या दोघी आणि मेढ्याकडचा दादासो. दादासो डोंगरातला, मराठी शाळेतला. हिशेबात वाघ, पण चारचौघांत इंग्रजीतून बोलायचं म्हटलं की त्याच्या ओठांवर पापुद्रे यायचे.

"ताई, जीभ काय वळंना," तो ब्राह्मीला म्हणायचा. "म्हैस वळवायची आसली तर सांगा, आत्ता वळवतो."

"म्हैस नको. परत म्हण," ब्राह्मी म्हणायची.

कॉलेजमागच्या चिंचेखाली ती त्याला उभं करायची आणि स्वतः लांब जाऊन बसायची. "मला ऐकू आलं पाहिजे, दादासो. मी शेवटच्या बाकावरची हाय." संयोगिता जाता-येता बघायची आणि तिच्या कपाळावर आठी यायची.

"अगं, त्याचा भाग मी बोलते ना! आपलं सगळं अडलंय त्याच्यापायी."

"त्याचा भाग हाय, त्यानंच बोलायचा."

आणि दादासो बोलला. अडखळला, घामेजला, पण सगळं बोलला. शेवटी तर एक विनोद केला आणि परीक्षकही हसले.

त्यानंतर प्रकल्प बघणाऱ्या सरांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. पुण्याची एक कंपनी वर्षभराच्या नेतृत्व-प्रशिक्षणासाठी कॉलेजातून एकच विद्यार्थी घेणार होती. ते प्रशिक्षण म्हणजे पुढची नोकरीच. नाव सरांनी सुचवायचं होतं.

"ब्राह्मीबद्दल काय वाटतं?" सरांनी विचारलं.

संयोगितानं आधी खूप चांगलं सांगितलं. हुशार आहे, कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे. मग आवाज जरा खाली घेऊन म्हणाली, "फक्त सर, ती मागं राहिलेल्यांत अडकते. तिच्याच्यानं पुढं जाणं होत नाही."

शब्द तोंडातून गेला आणि गोडही लागला. सरांनी मान डोलावली. मग म्हणाले, "पण त्या दादासोला कुणीतरी उभं केलंय. वर्षाच्या सुरुवातीला हा मुलगा स्वतःचं नाव सांगताना थरथरत होता. नेतृत्व म्हणतात ते हेच. तूच का?"

तेव्हा बोलायचं होतं. एक नाव उच्चारायचं होतं, चार घासांइतकंही जड नसलेलं. संयोगितानं खाली मान घातली आणि हलकंसं हसली. सरांना तो विनय वाटला.

निवड तिचीच झाली. ही बातमी वर्गात ओरडत कुणी आणली? ब्राह्मीनंच. मिठी मारून म्हणाली, "मला माहीत होतं गं!" त्या मिठीत संयोगिता लाकडासारखी उभी राहिली. पुढं आरशात बघताना तिची नजर भांगावर थांबायची, डोळ्यांपर्यंत यायची नाही. फौजेतून सुभेदार होऊन आलेल्या वडिलांनी उंब्रजहून फोनवर विचारलं, "काय सांगितलंस गं सरांना, की त्यांनी तुलाच निवडलं?" तिनं रेंज नसल्याचं कारण सांगून फोन ठेवला.

मग भाद्रपद आला. ब्राह्मी जैनांच्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वाला गावी गेली. उपवास, पूजा, रोज बस्तीत प्रवचन. तिकडं जैन देवळाला बस्तीच म्हणतात. पर्व संपलं की क्षमावणी. त्या दिवशी घरोघर माणसं एकमेकांपुढं हात जोडतात, वर्षभरात चुकलं-माकलं असेल त्याची क्षमा मागतात. ब्राह्मीचा फोन आला, "उद्या ये. आईनं खपली गव्हाची खीर घातलीय. आणि अण्णा तुझी लय आठवण काढत्यात."

न जाणं जास्त अवघड होतं. म्हणून ती आली.

घर माणसांनी भरलेलं होतं. येणारा उंबऱ्यातच हात जोडत होता, "उत्तम क्षमा," आणि आतून उत्तर येत होतं, "उत्तम क्षमा." ब्राह्मीचे वडील सुकुमारअण्णा पांढऱ्या धोतरात पुढच्या सोप्यावर बसलेले. संयोगिताला बघून ते उठले आणि चक्क तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले. ती दचकून मागं सरली.

"आवं अण्णा, हे काय! मी लहान आहे."

"क्षमेला लहान-थोर न्हाई, पोरी. गेल्या साली तू जेवून गेलीस तवा माघारी मी हिला म्हणलो, ही पोरगी दिसती काडी, पण खाती पैलवानासारखी."

सोप्यावरची माणसं हसली. आतून राजमतीकाकू पळी घेऊनच बाहेर आल्या. "आवं, हे सांगायचं आसतंय व्हय पाहुणीला? मोघम मागायची की क्षमा!"

"मोघम मागितली की मोघमच मिळती," अण्णा म्हणाले. "न कळत झालं त्याला मोघम चालतंय. जे ठाऊक हाय ते नावानिशी सांगाय लागतंय. केलीस का पोरी क्षमा?"

"केली अण्णा," संयोगिता म्हणाली.

खीर जेवून झाल्यावर ब्राह्मीनं तिला परसात नेलं. हळदीच्या रानाची हिरवी पानं कमरेला लागत होती. ब्राह्मी थोडा वेळ पानं चाळवत राहिली, मग तिनंही हात जोडले.

"माझंही नावानिशी हाय. तुझी निवड झाली ना, तेव्हा मी वर्गात ओरडत आले, पण त्याआधी जिन्यात थांबून रडले होते. वाटलं, ही का? मी का न्हाई? तुझ्यावर जळले, संयू. तुझ्यात कमी काय हे शोधत बसले. मला क्षमा कर."

हळदीच्या पानांतून वारा गेला. संयोगिताला वाटलं, आपल्या पायाखालची माती आपल्याला ओळखते आहे. तिनं ओठ उघडले.

"माझंही काही चुकलं असेल तर..."

आणि थांबली. 'असेल तर' हे दोन शब्द तोंडात खड्यासारखे राहिले. ब्राह्मीनं मात्र तेवढ्यावरच तिचे हात हातात घेतले. "झालं की मग! तुझं काय चुकणार? चल, एसटी गाठायला पाहिजे."

स्कूटरवर मागं बसून संयोगिता निघाली. दोन्ही बाजूंना ऊस उभा, वरून कोवळं ऊन. समोर ब्राह्मीची पाठ, वाऱ्यानं उडणारी तिची ओढणी, तिच्या केसांना त्या एकाच बाटलीतल्या तेलाचा वास. त्या पाठीला सांगणं सोपं वाटलं. तिनं सांगूनही टाकलं, एका दमात. पण वारा होता.

"काय म्हणालीस?" ब्राह्मी पुढून ओरडली. "ऐकू आलं न्हाई! मोठ्यानं बोल की, मी शेवटच्या बाकावरची हाय!" आणि स्वतःच हसली.

"काही नाही," एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर तयार होता. समोर फाटा दिसत होता, फाट्यावर एसटी उभी होती, पुण्याची वाट त्याच्याही पुढं सरळ पडलेली होती. मागं वळायला कुणी सांगत नव्हतं.

"गाडी थांबव," संयोगिता म्हणाली.

"आगं, एसटी चुकेल!"

"चुकू दे. थांबव गाडी."

ब्राह्मीनं पाय टेकले. संयोगिता उतरली, वळसा घालून तिच्या समोर आली. चेहरा पेटला होता. हात जोडायला गेली, पण ते जुळेनात, म्हणून तसेच खाली सोडले. मान मात्र या वेळी खाली घातली नाही.

"असेल तर नाही, ब्राह्मी. चुकलंय. कळून-सवरून चुकलंय. सरांनी तुझ्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणाले, ती मागं राहिलेल्यांत अडकते, तिच्याच्यानं पुढं जाणं होत नाही. मग ते म्हणाले, दादासोला कुणी उभं केलं, तूच का? मी तुझं नाव घेतलं नाही. हसले नुसती. त्यांना वाटलं मीच, आणि मी वाटू दिलं. तू जिन्यात ज्याच्यासाठी रडलीस ना, ते तुझंच होतं. सरांना मी उद्या सांगणार आहे. पण आधी तुला सांगायचं होतं."