माधवच्या खांद्याला बोट

माधव सोनटक्के बोलायच्या आधी त्याच्या खांद्याला कुणीतरी बोट लावावं लागायचं. लावलं की बोलणं साधं बोलणं. नाही लावलं, तर तो ज्याचं नाव घेईल ते नाहीसं. अकरा वर्षं कॉम्प्युटरवर कोड लिहायला व्हिम नावाचा एडिटर वापरला गड्यानं. त्या एडिटरात आधी एक बटण दाबल्याशिवाय लिहिता येत नाही. तसंच टाईप केलं तर अक्षरांचे हुकूम होतात, ओळीच्या ओळी उडतात. ते अंगात भिनलं. स्वतःचं बोट चालत नव्हतं. करून बघितलं होतं, त्यात लिफ्ट गेली.

समोर बापू वाघचौरे, ईमॅक्सवाला, म्हणजे व्हिमच्या कट्टर वैरी एडिटरचा. त्यात सारखं लागणारं कंट्रोलचं बटण दाबून दाबून त्याच्या डाव्या करंगळीला तीन पेरं जादा फुटलेली, आणि नख त्या बटणात रुजलेलं. डबा एका हातानं उघडून तिथंच खायचा. तक्रार नाही.

दोघं सांगलीच्या एका क्लासात, एकाच मशीनवर शिकलेले. आता मध्ये पत्र्याचं कपाट.

रोज सकाळी ऑफिसातल्या कौसल्याबाई इंगळे माधवला बोट लावायच्या. मंगळवारी त्यांना उशीर झाला.

"हे कपाट जरा..." माधव म्हणाला. कपाट गेलं. "अरेच्चा! कौसल्याबाई कुठायत?"

बापूनं त्यांच्या घरी फोन लावला. नवरा म्हणाला, "कोण कौसल्या?"

माधवनं तोंडावर हात दाबला, बापूपाशी येऊन खांदा पुढं केला.

"सरक तिकडं," बापू म्हणाला. "मला बोलायला परवानगी लागत नाही. तुझ्या एडिटरचे लाड तूच पुरव."

माधवनं त्याच्या करंगळीकडं बोट दाखवलं.

"असू दे. तोंड तरी माझं माझ्या ताब्यात आहे."

माधवनं जागेवर जाऊन काहीतरी टाईप केलं आणि स्क्रीन बापूकडं वळवला. त्या स्क्रीनकडं बापूनं अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. आत्ताही खिडकीबाहेर पाहिलं.

दुपारपर्यंत माधवच्या तोंडून चुकून पंखा निसटला. मग खिडकी. मग दार. दाराच्या जागी भिंत होती, रंग दिलेली, वाळलेली. बापूला काहीच वाटलं नाही. पायाला मुंग्या येतात ना, तसं त्याला आतून झालं होतं.

चारच्या सुमाराला माधव येऊन त्याच्या टेबलाच्या कडेला टेकला. डोळे भरलेले. आता हा बोलणार, हाक मारणार, हे बापूला कळलं. आख्खं ऑफिस त्याला वाघचौरेसाहेब म्हणायचं. बापू म्हणणारा हा एकटा.

खांदा वीतभर लांब. उजवा हात मोकळा. एक बोट लावायचं, बस. पण लावलं की व्हिम जिंकला.

बापूचा हात उठला आणि दोघांच्या मध्येच थांबला.

माधवनं ओठ मिटले. 'ब' म्हणायला आधी ओठ मिटावेच लागतात.