तीन कप पाणी

रंगाच्या कारखान्यामागच्या वस्तीतल्या विहिरीच्या पाण्याला औषधासारखा उग्र वास यायचा. नाक मुरडत का होईना, सगळे तेच पीत. तिथल्याच एका घरातली थोरली लेक प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि तिनं ते पाणी तपासलं, तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. कारखान्याचं विष झिरपत विहिरीत उतरलं होतं. तिची आई तीस वर्षं तेच पाणी पीत आली होती, आणि आता आईच्या दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले होते.

"पाण्यामुळेच झालं, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.  थोरली करवंट्या गोळा करायला लागली.

करवंट्यांचा कोळसा करून त्यातून भट्टीत वाफ सोडली, की त्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं पडतात. विष त्यांत अडकून बसतं. पण पहिल्या खेपेला कोळशाचा भुगा झाला. दुसऱ्या खेपेला पाण्याचा वास तसाच राहिला.

"काळ्या कोळशानं पाणी गोरं करणार होय गं? मग मलाही बुडव त्यात एकदा," आई सुजलेले पाय उशीवर ठेवत हसली.

सात महिन्यांनी कोळसा भरलेल्या पिंपातून गाळून आलेलं पाणी तपासणीत निर्मळ ठरलं. थोरली बाटली घेऊन धावत घरी आली. आई खिडकीशी बसली होती.

"डॉक्टरांनी आजपासून दिवसाला तीनच कप पाणी सांगितलंय," आई म्हणाली. "गोळ्यांबरोबर तिन्ही संपले बघ."

"घोटभर तरी घे ना, आई."

आईनं घोट घेतला, तोंडात घोळवला. "पाण्याला चव नसते म्हणतात, ते खरं की!"

थोरलीला हुंदका आवरेना.

"वेडी कुठली. शेजारची पोटुशी आहे, तिला आधी नेऊन दे जा."

आई त्यानंतर वीस दिवस जगली.

पिंपापाशी आता सकाळी रांग लागते. छिद्रं भरली की कोळसा बदलावा लागतो. ते काम थोरली कुणावर सोपवत नाही. पण स्वतः ती ते पाणी अजून प्यायलेली नाही. दोनदा पेला ओठांना लावला. घशाखाली उतरलं नाही.