माऊसबाबा आणि खिंकाळणारा संगणक

माऊसबाबांनी हात वर केला तशी खोली चिडीचूप झाली. शेजारीपाजारी मिळेल तिथे टेकले होते, सोफ्याच्या हातांवर, चपलांच्या कपाटावर. एक काका तर इस्त्रीच्या टेबलावर. सगळ्यांचे डोळे संगणकावर. दातांची डॉक्टर असलेली आत्या तेवढी दाराशी उभी राहून भाचीकडे बघत होती.

भाचीने वर्षभर खपून घोड्यांच्या शर्यतीचा गेम बनवला होता. चार वाजता एका कंपनीची माणसं लांबूनच तिच्या पडद्यावर तो बघणार होती. पसंत पडला तर नोकरी. आणि गेम काही उघडत नव्हता. माऊसची टिचकी मारली की पडदा ढिम्म, पण घरात कुठूनतरी घोडा खिंकाळायचा.

"यंत्रात अतृप्त घोडा अडकलाय," बाबा म्हणाले. "गेल्या जन्मी शर्यत हरला. बिचाऱ्याची रॅम कमी पडली."

लोक हळहळले.

बाबांची रीत ठरलेली. सगळ्यांनी डोळे मिटायचे, बाबांनी संगणकावर शाल पांघरून पुटपुटायचं, आणि डोळे उघडावेत तर पडद्यावर घोडा हजर! जाताना बाबा पुन्हा शाल पांघरून यंत्राचा निरोप घेत. ते गेले की गेम पुन्हा बंद. असं दोन-तीनदा झाल्यावर बाबांनी निकाल दिला होता, की यंत्र कायमचं मठात न्यावं लागेल. आत्याच्या दादाने, म्हणजे भाचीच्या वडिलांनी, खोकंसुद्धा आणून ठेवलं होतं.

"चारपर्यंत तरी राहू द्या ना," भाची रडकुंडीला आली होती.

"बाळ, घोडा घड्याळ बघत नाही."

आत्याने भाचीला पुन्हा टिचकी मारायला सांगितलं. घोडा खिंकाळला. पेशंट वरची दाढ दाखवतो आणि कीड खालच्या दाढेत निघते, हे आत्याने आयुष्यभर पाहिलं होतं. पडदा सोडून ती आवाजामागे निघाली.

आतल्या खोलीत टीव्हीवर जाड भरतकामाचं कापड होतं. या घरात टीव्ही बंद करत नसत. बटण झिजतं, असा दादाचा सिद्धांत. म्हणून बघून झालं की नुसता झाकायचा.

आत्याने कापड ओढलं. घोडा टीव्हीवर उभा होता, शर्यत सुरू व्हायची वाट बघत.

"दादा, ही वायर कुठे जाते रे?"

मागोमाग आलेला दादा खाकरला. सहलीचे फोटो मोठे बघायला त्यानेच टीव्ही संगणकाला जोडला होता. वायर काढायची राहून गेली, आणि गेम दर वेळी इमानदारीत उघडत होता, फक्त कापडाखाली.

आत्या बाहेर येते तर सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि बाबा शाल पांघरून संगणकावर वाकलेले. तिने शाल उचलली. बाबांच्या मुठीत त्याच वायरीचं दुसरं टोक होतं. उपटलं की घोडा इकडे, निघताना खोचलं की घोडा तिकडे. एवढीच विद्या.

"ऊर्जा तपासत होतो," बाबा म्हणाले आणि चपला शोधू लागले. चपलांच्या कपाटावर बसलेल्या बाईंनी त्या शांतपणे काढून दिल्या.

"तुम्हाला ओरडत नाही," आत्या शेजाऱ्यांना म्हणाली. "पण कुणी डोळे मिटा म्हणालं की निदान एक तरी उघडा ठेवा. आवाज आला तर उठून बघा कुठून येतो. याला मठ लागत नाही."

चार वाजता घोडा बरोबर पडद्यावर धावला. भाचीला नोकरी मिळाली.

संध्याकाळी दादाने धीर करून टीव्हीचं बटण दाबलं. टीव्ही बंद झाला. पुन्हा दाबलं, चालू झाला. त्याने बटणावरून बोट फिरवून पाहिलं.

"एकदा चाललं म्हणजे सिद्ध झालं असं नाही," तो म्हणाला. "उद्या परत दाबून बघतो."

दादाच्या तोंडून इतकं शहाणं वाक्य आत्याने पहिल्यांदाच ऐकलं.