बाईंची पोरं

बाईंच्या वर्गात आता चाळीस मुलांऐवजी हजारभर गांडुळं होती आणि त्यातलं एकही उलट बोलत नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅलरीत प्लॅस्टिकच्या पेटीत, वर्तमानपत्राच्या ओल्या पट्ट्यांवर हा वर्ग भरवला होता. भाज्यांची सालं बारीक चिरून, चहाचा चोथा धुऊन, अंड्यांची टरफलं कुटून त्या या पोरांना भरवायच्या. आपले एवढे लाड कधी झाले नाहीत, अशी त्यांच्या नवऱ्याची तक्रार असायची. तो घड्याळं दुरुस्त करायचा. तक्रार आपली नावाला. बायकोच्या हातच्या जेवणावर गड्याचा भारी जीव होता.

तिथंच पंचाईत झाली. महिन्यापूर्वी बाई तापानं आडव्या झाल्या. बऱ्या होऊन पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहिल्या, आणि त्या दिवसापासून भाजीत मीठ दुप्पट पडायला लागलं. स्वतः बाई तीच भाजी शांतपणे खात होत्या. तापानं हिची चव नेली, हे घड्याळवाल्याला पहिल्याच घासाला कळलं. पण आजारातून उठलेली बायको हौसेनं दुकानात न्यायला डबा भरून देत होती. तिला हे तोंडावर सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

रात्रीचं जेवण तो पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायचा. दुपारची भाजी काही संपायची नाही, आणि बायकोच्या हातची म्हणून टाकवायचीही नाही. मग संध्याकाळी बाई फिरायला गेल्या की तो ती पेटीत, कागदाखाली पुरून ठेवायचा आणि डबा घासून पालथा घालायचा. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा हा माणूस, पण मिठानं गांडुळं मरतात हे त्याच्या गावीही नव्हतं.

आठवड्याभरानं बाईंनी सकाळी झाकण उचललं, तर पोरं आतून झाकणाला चिकटलेली आणि काही फरशीवर वाळून गेलेली.

"अहो, इकडे या जरा. वर्ग सोडून पळालीत सगळी."

त्यांनी कागद बाजूला सारला. खाली बटाट्याच्या फोडी होत्या, त्यांनीच चिरलेल्या, कालच्याच. घड्याळवाला दारात आला आणि तिथंच थबकला.

"खारट होती?" बाईंनी विचारलं.

"थोडी."

"थोडी असती तर ही जीव घेऊन पळाली नसती."

त्यानं पुढे होऊन बाईंच्या हातातलं झाकण घेतलं.

"ताप उतरल्यापासून मला कशाचीच चव लागत नाही," फोडी वेचता वेचता बाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, डबा रिकामा येतोय ना, मग आपला हात अजून शाबूत आहे. रोज संध्याकाळी आल्या आल्या आधी डबा बघायचे मी."

घड्याळवाल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो खाली बसला आणि झाकणावरचं एकेक गांडूळ हलक्या हातानं सोडवून ताज्या ओल्या कागदावर ठेवायला लागला.

त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. बाईंनी भाजी शिजवली आणि मिठाची बरणी त्याच्या हातात दिली. स्क्रू उचलायच्या चिमटीनं त्यानं मोजके दाणे टाकले आणि चव घेतली.

"छान झालीय."

बाई नुसत्या बघत राहिल्या.

"अळणी आहे," तो म्हणाला.

"मग घाला की अजून. आणि आवडली नाही तर डबा भरलेलाच परत आणत जा. मला चालेल."