हिरवे हातमोजे

बाजाराला न जाणं जास्त धोक्याचं होतं, हे परक्या माणसाला कळायचं नाही. रशियनांनी मारलेल्या बंडखोरांची प्रेतं चौकात टाकली की आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं बाजाराला जायचं, त्यांच्या शेजारून चालायचं आणि तोंडावरची रेघ हलू द्यायची नाही. जो घरी बसला त्याच्यावर संशय. जो रडला त्याचं अख्खं घर सैबेरियाच्या गाडीत. सत्तेचाळीस सालचा हिवाळा होता, आणि लिथुआनियातल्या गावागावात हेच चाललं होतं.

माझा भाऊ लिउदास दोन वर्षं जंगलात होता, रशियनांशी लढत. कागदोपत्री तो जर्मनांच्या वेळीच मेलेला. जिवंत पोराच्या आत्म्यासाठी आईनं चर्चमध्ये प्रार्थना म्हणवून घेतली होती, का, तर सगळ्यांना खरं वाटावं म्हणून. त्या पापाची भीती तिला रशियनांपेक्षा जास्त वाटायची.

मंगळवारी सकाळीच कळलं, चौकात तिघं पडलेत. माझी रोझालिया तेव्हा चार महिन्यांची. त्या गाडीत तान्ही मुलं आठवडाभरसुद्धा टिकत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. तिला शेजारणीकडे ठेवलं. अंड्यांची टोपली उचलताना आई एवढंच म्हणाली, "पोले, तुला फक्त अंडी दिसतायत. दुसरं काही नाही."

पहिलाच लिउदास होता.

बूट नाहीत, कोट नाही, केसात बर्फ. आई चालत राहिली. मीही चालले. आणि मग मला त्याचे हात दिसले. बायकी नक्षी म्हणून शिपायांनी हातमोजे तेवढे सोडले असावेत. हिरव्यावर तांबडी फुलं. आमच्याकडे घराघराची नक्षी वेगळी, आई मुलीला शिकवते तीच पुढे चालते. नाताळाच्या आधी आईनं एकाच लोकरीचे दोन जोड विणले होते, आणि दुसरा जोड मी मूर्ख त्या दिवशी हातात घालून आले होते! रोजची सवय. थंडी पडली, घातले.

हात शालीआड लपवावेत तर टोपलीची एक बाजू मी धरलेली. रशियन अधिकाऱ्याला नक्षीतलं काय कळतंय, पण त्याच्याबरोबर बालिस नावाचा शिपाई होता, पलीकडच्या जिल्ह्यातला, आमच्याच भाषेचा. त्याच्याही आईनं कधीतरी विणलंच असणार. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं, मग खाली प्रेताच्या हातांकडे पाहिलं, आणि अधिकाऱ्याच्या कानाला लागला. डोळ्यांपुढे फक्त रोझालिया.

"कोण हा तुमचा?" बालिसनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत आईनं टोपली खाली टेकवली. "माझा कोण असणार? चोर आहे. नाताळात आमचं डुकराचं मांस नेलं ह्यांनी, दोरीवरचे हातमोजेही सोडले नाहीत. दोन आठवडे खपले होते मी त्यावर." इतकी तणतणली की आजूबाजूच्या बाया मागे सरल्या. भाजीच्या भावावरून भांडताना तिचा असाच आवाज लागायचा.

बालिसनं ते रशियनमध्ये सांगितलं. अधिकारी हसला, काहीतरी म्हणाला.

"साहेब म्हणतायत, तुझे आहेत ना, मग घे काढून."

आई गुडघ्यांवर बसली. लाकडासारखा कडक झालेला हात तिनं मांडीवर घेतला आणि हातमोजा ओढायला लागली. निघेना. तिनं त्याच्या बोटांवर फुंकर घातली, दोन्ही हातांनी चोळलं, वर पुटपुटत होती, "धरून ठेवलाय बघा कसा, मेल्यावरसुद्धा सोडत नाही चोरटा." लोक हसले. मला तर हसावंच लागलं, आणि त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

एक निघाला. आई उठायला लागली. बहुतेक दुसरा त्याच्या हातात राहू द्यावा असं तिच्या मनात होतं. पण बालिस अजून बघत होता, आणि एक हातमोजा सोडून जाणारी शेतकरीण आमच्या मुलखात जन्माला यायची आहे. ती परत बसली. ह्या वेळी तिनं जोर लावला.

मग आम्ही अंडी विकली. सगळी विकली, घासाघीस करून. घरी जाताना गिरणीपाशी आई थांबली. मागे कुणी नाही ना, हे तिनं दोनदा वळून पाहिलं.

"पोले," ती म्हणाली, "दुसरा काढताना कट्‌कन आवाज झाला. त्याचं बोट मोडलं का गं माझ्या हातून?"

मी तो आवाज स्पष्ट ऐकला होता.

"धागा तुटला, आई," मी म्हटलं.