कडेच्या ओळी

राजीनामा सकाळीच लिहून पर्समध्ये ठेवला होता. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या हातात द्यायचा, एवढंच बाकी होतं.

त्याआधी नववी 'ब'चा विज्ञानाचा तास. दोन वर्षांपूर्वी, ही पोरं सातवीत असताना, मुख्याध्यापकांनी दोन्ही तुकड्यांतली दंगेखोर पोरं वेचून ही 'ब' बनवली आणि माझ्या गळ्यात मारली. कशासाठी, तर 'अ'चा निकाल चांगला लागावा. नांदुऱ्याहून रोज बसनं यायचं, ते पाठीवर सरकी झेलायला. बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाबरोबर साध्या सरकीची एक छोटी पुडी मिळते. गावात ती सगळेच फेकून देतात आणि ही पोरं खिसे भरून वर्गात आणतात.

आज एक दाणा थेट कानावर बसला. माझं डोकं फिरलं. खडू ठेवून मी म्हटलं, "ही सरकी फेकायला देत नाहीत, बीटीच्या कडेनं पेरायला देतात. बोंडअळीनं या ओळी खाव्यात आणि आतल्या बीटीचा अळी मारायचा जोर टिकावा, म्हणून."

मागच्या बाकावरच्या सकलैननं हात वर केला. त्याचा वर केलेला हात मी आजवर पाहिला नव्हता.

"मॅडम, मंग 'अ' म्हन्जे बीटी अन् आमी अळ्या. तुमाले कडेनं पेरलं का?"

"खाली बस," मी म्हटलं. "बरोबर आहे."

मला खरं तर रडावंसं वाटत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझं शिकवलेलं कोणाला तरी नीट कळलं होतं. आता राजीनामा द्यायचीही सोय राहिली नाही.